वाफेच्या इंजिनाला लाल सिग्नल माफ नाही

माननीय संचालक,
वेस्ट कोस्ट रेल्वेज, कार्नफर्थ, लँकेशायर यांस,

महोदय,

७ मार्च २०१५ ची संध्याकाळ आपण विसरला नसालच. विसरला असाल, तर स्विंडनच्या न्यायालयाच्या दप्तरात ती नीट जपलेली आहे. जुनं जपण्याचं मोल आपल्याला, जुन्या वाफेच्या गाड्या चालवणाऱ्यांना, आम्ही काय सांगावं?

ब्रिस्टलहून साउथएंडकडे निघालेली आपली गाडी. पुढे ‘टँगमियर’, ३४०६७ क्रमांकाचं वाफेचं इंजिन. मागे १३ डबे. वूटन बॅसेट जंक्शनच्या अलीकडे वेगमर्यादेचा इशारा वाजला. ड्रायव्हरने वेळेत प्रतिसाद दिला नाही, म्हणून यंत्रणेने आपणहून ब्रेक लावला. अशा वेळी गाडी उभी करायची आणि सिग्नलमनशी बोलायचं, हा नियम. आपल्या माणसांनी यंत्रणा बंद करणारा आयसोलेटिंग कॉक फिरवला, ब्रेक सोडवला आणि गाडी पुढे हाकली. पुढच्या लाल सिग्नलवर गाडी रोखू शकणारी यंत्रणाही त्यातच निकामी झाली. सिग्नल ओलांडून गाडी जंक्शनवर आडवी उभी राहिली. लंडनकडे जाणारी वेगवान गाडी जेमतेम मिनिटभर आधी तिथून गेली होती. कुणाला खरचटलंही नाही, पण याचं श्रेय कृपया आपण घेऊ नये.

हा तोच ग्रेट वेस्टर्न मार्ग. १९९७ मध्ये साउथॉलला इशारा देणारी यंत्रणा बंद असलेली गाडी लाल सिग्नल ओलांडून गेली, ७ जण मेले. १९९९ मध्ये लॅडब्रोक ग्रोव्हला पुन्हा लाल सिग्नल ओलांडला गेला, ३१ जण मेले. त्यानंतरच्या काही वर्षांत देशभर जी संरक्षक यंत्रणा बसवली गेली, तिचीच आपल्या फूटप्लेटवर अडचण झाली.

एका ड्रायव्हरची चूक म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण ३ एप्रिलला रुळांचा कारभार पाहणाऱ्या नेटवर्क रेलने आपल्या गाड्या थांबवल्या, मे महिन्यात पुन्हा सोडल्या आणि ऑक्टोबरमध्ये डॉनकास्टरला आपल्याच वाफेच्या इंजिनावर तीच यंत्रणा पुन्हा बंद केली गेली. नोव्हेंबरमध्ये रेल्वे नियामकाला आपल्या वाफेच्या गाड्यांवर बंदी घालावी लागली. जून २०१६ मध्ये न्यायालयाने आपल्याला २ लाख पौंड दंड केला, वर ६४ हजार पौंड खर्च. ड्रायव्हरला चार महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. एवढ्या शिकवणीनंतर कुणीही शहाणं झालं असतं.

आपण मात्र दरवाज्यांकडे वळलात. जुन्या डब्यांच्या बिजागरीच्या दारांना मध्यवर्ती कुलूपयंत्रणा बसवा, असं नियामक सांगत होता. इतर कंपन्या ती बसवत होत्या. आपण ७० लाख पौंडांच्या खर्चाचं रडगाणं गायलात, वारशाच्या नावावर सूट मागितलीत आणि ती नाकारली म्हणून थेट उच्च न्यायालयात गेलात. डिसेंबर २०२३ मध्ये तिथेही हरलात. फोर्ट विल्यम ते मॅलेग धावणाऱ्या आपल्या ‘जॅकोबाइट’चा २०२४ चा हंगाम त्यामुळे ठरल्या दिवशी सुरूही होऊ शकला नाही. हॅरी पॉटरची गाडी म्हणून पुण्या-मुंबईची कुटुंबं पोरांना घेऊन त्याच मार्गावरचं ग्लेनफिनन गाठतात. त्यांच्या भाड्याचे पैसे घेताना आपण कधी वारशाची सूट दिल्याचं ऐकिवात नाही.

वाफेचं इंजिन मुख्य मार्गावर धावावं, असं आम्हालाही मनापासून वाटतं. म्हणूनच हा राग. त्या रुळांवर आपल्यामागून दोनशे किलोमीटर वेगाची गाडी येत असते, आणि आपल्या इंजिनाचं वय तिच्या ब्रेकला कळत नाही. एक मोठा अपघात झाला, की सगळ्याच वाफेच्या गाड्या कायमच्या यार्डात जातील, नियम पाळणाऱ्यांच्यासुद्धा.

तेव्हा विनंती नव्हे, मागणी आहे. आपल्या इंजिनांवर सुरक्षा यंत्रणा किती वेळा हाताने बंद केली गेली, कोणत्या कारणाने आणि कुणाच्या परवानगीने, हे दरवर्षी जाहीर करा. वारसा जाहिरातीत खुशाल मिरवा. नियामकाकडच्या अर्जात तो पुन्हा सबब म्हणून लिहू नका.

आपला,
वाफेच्या गाड्यांचा एक चाहता