डांबरट कोण?

लबाड माणसाला 'डांबरट' म्हणायची चाल मराठीत कोणी पाडली ठाऊक नाही. पण त्या गृहस्थाची स्वतःची होडी नव्हती, एवढं मी पैजेवर सांगतो. असती तर त्यानं ही शिवी दुसऱ्या कशावरून तरी काढली असती. आमच्या साहेबांच्या टायवरून, उदाहरणार्थ.

माझा राग वैयक्तिक आहे. डोंबिवलीत वीस वर्षं इमानेइतबारे शिक्के मारल्यावर माझी बदली रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या शाखेत झाली. मी बी. कॉम.; होडी ताळेबंदात 'मालमत्ता' या बाजूला लिहितात, एवढंच माझं सागरी ज्ञान. २०२५ च्या जुलैत एक नाखवा अर्ज घेऊन आला. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी. होडी किनाऱ्यावर, कमाई शून्य, आणि नेमकं याच दिवसांत उघडीप साधून बूड खरवडायचं, फटींत कापूस ठासायचा आणि डांबर फासायचं! अर्जात त्यानं सरळ लिहिलं होतं, 'डांबर व मजुरी'. साहेबांनी तांबड्या शाईनं शेरा मारला : 'अनुत्पादक खर्च. नवीन इंजिन घेणार असल्यास विचार करू.'

आता बघा! इंजिन उत्पादक, जाळी उत्पादक. आणि ही दोन्ही ज्याच्यामुळे पाण्याच्या वर राहतात ते बूड तेवढं अनुत्पादक! २०१८-१९ च्या अर्थसंकल्पानं किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही देऊ केलं, ते खेळत्या भांडवलासाठीच ना? पण डांबर खेळत नाही. ते चिकटून बसतं. हाच त्याचा गुन्हा असावा.

रविवारी मी किनाऱ्यावर गेलो. नाखव्यानं एक काढून टाकलेली फळी दाखवली. वरून गुळगुळीत, टाचणीनं टोचल्यासारखी चार भोकं. कोयत्यानं उभी चिरली, तर आत मधाचं पोळं! हे काम टेरेडोचं. दिसतो अळीसारखा, पण जात शिंपल्याची. म्हणजे आपण ज्या तिसऱ्या मिटक्या मारत खातो, त्यांचा भाऊबंद. बाळपणी सुईच्या अग्राएवढ्या भोकातून आत शिरतो आणि मग लाकूड खातच सुटतो. घसारा ही आम्हा कॉमर्सवाल्यांची लाडकी कल्पना. आमचा घसारा ३१ मार्चला येतो, ठरलेले टक्के घेतो आणि जातो. हा घसारा रोज जेवायला बसतो. त्याला दाराबाहेर ठेवतो तो डांबराचा थर. बोटभर जागा कोरडी सुटली, तरी तेवढं दार त्याला पुरतं.

मीही कुंचा हातात घेतला. होडीच्या पोटाखाली आडवं होऊन, लाकडाच्या रेघारेघांत ते काळं प्रकरण भरायचं. दगडी कोळशाचं असो की खनिज तेलाच्या गाळपातून उरलेलं असो, मराठीत दोघांचं नाव डांबरच. दहा मिनिटांत माझी मान मोडली. नाखवीणबाई म्हणाल्या, "साहेब, देवाला गंध लावताय काय? दाबून घासा!" संध्याकाळी सौ.नं मला उंबऱ्याबाहेर उभं करून खोबरेलाची बाटली फेकली. हीच बाई लग्नातला शालू डांबरगोळ्यांत ठेवते!

साहेब म्हणतात, फायबरची होडी घ्यावी, तिला किडा लागत नाही. खरं आहे, नाही लागत. पण काही हजारांच्या डांबराला तांबडी शाई आणि काही लाखांच्या होडीला खुर्ची, चहा! होडीत किडा शिरला नाही, तरी घरात हप्ता शिरतो, त्याला कुठलं डांबर लावायचं? आणि तोही नाखव्याच्याच घरात शिरतो. साहेबांची तोवर बदली झालेली असते.

सोमवारी मी अर्ज नव्यानं लिहून दिला. रक्कम तीच, मजुरी तीच. फक्त 'डांबर' खोडून लिहिलं, 'बिटुमिनस प्रोटेक्टिव्ह कोटिंग फॉर हल, दोन हात'. जेवणाच्या सुट्टीआधी मंजूर! शिवाय साहेबांनी मला बोलावून, असे प्रगतिशील मच्छीमार शोधून काढायला सांगितलं.

नाखव्यानं मंजुरीचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि काउंटरवर वाकून हळूच विचारलं, "साहेब, पैशांचं झालं. पण हे कोटिंग मिळतं कुठं? मला तर डांबर पाहिजे होतं."