दुसरा शिक्षक कोठे आहे?

शाळेच्या भिंतीवर पडदा टांगला, त्यावर चित्रे हलू लागली आणि पाहुण्यांच्या हस्ते नारळ फुटला, की शिक्षणाचे कार्य सिद्धीस गेले असे आपल्याकडे समजतात. दुसऱ्या दिवशी दारावर ‘डिजिटल शाळा’ अशी पाटी लागते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. त्या पाटीखाली एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळीत असला, तरी ते छायाचित्रात दिसत नाही. या समजुतीविरुद्ध आम्हांला आज चार शब्द लिहावयाचे आहेत. ते कडू लागले तरी वाचकांनी गोड मानून घ्यावेत.

आमचे म्हणणे हवेतले नाही. जगभर गाजलेला एक प्रयोग आपल्या कर्जत तालुक्यातच झाला आहे. प्रत्येक मुलाच्या हाती स्वतःचा संगणक द्यावा, म्हणजे शिक्षणाचा प्रश्न सुटेल, अशी योजना अमेरिकेतील प्राध्यापक निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ साली जगापुढे मांडली. संगणक शंभर डॉलरांत मिळेल, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात किंमत दोनशेच्या घरात गेली. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली ही योजना नाकारली. तरीही २००७ साली पावसाळा सरताना ते हिरवे-पांढरे संगणक कर्जत तालुक्यातील खैरात या खेड्यात येऊन पोहोचले. एका खोलीची शाळा, पहिली ते चौथीचे वर्ग, वीस-बावीस मुले आणि शिक्षक एक! मुले ती यंत्रे चटकन हाताळू लागली. मुलांच्या बुद्धीविषयी आम्हांला कधीच शंका नव्हती. आमचा प्रश्न निराळा आहे: सातासमुद्रापलीकडून त्या खोलीत वीस संगणक येऊ शकले, मग दुसरा शिक्षक का येऊ शकला नाही?

याच योजनेखाली दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने लाखो संगणक विकत घेतले. तेथील ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांची शास्त्रशुद्ध पाहणी झाली आणि तिचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांना संगणक वापरता येऊ लागला. मात्र भाषा आणि गणित यांतील त्यांची प्रगती, संगणक न मिळालेल्या मुलांहून अधिक झाली नव्हती. श्रीमंत राष्ट्रांचा अनुभवही फार वेगळा नाही. स्वीडनसारख्या देशाने २०२३ साली छापील पाठ्यपुस्तकांसाठी पुन्हा सरकारी तिजोरी उघडली. ज्यांचे पाहून आपण धावत सुटलो, ते थांबून मागे वळून पाहू लागले आहेत.

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. ठाकर आणि कातकरी मुलांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी. पडद्यावरची बाई शुद्ध भाषेत धडा सांगून पुढे निघून जाते. समोरच्या पोराच्या चेहऱ्यावरचा गोंधळ तिला दिसत नाही. शिक्षकाला तो दिसतो. तो थांबतो, त्या मुलाच्या बोलीतला शब्द शोधतो, पुन्हा सांगतो. शिकवणे म्हणतात ते याला. शिवाय दिवाळी सरली की कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि त्यांची मुलेही त्यांच्यामागून जातात. शाळेच्या कपाटातील यंत्र त्यांच्यामागे जाणार आहे काय? २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर गेले. ज्या घरी एकच फोन आणि तोही बापासोबत कामावर, त्या घरच्या मुलाची शाळा खरोखरच बंद झाली.

आम्ही यंत्राचे वैरी आहोत, असा आरोप होईल. तो आम्हांला मान्य नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर कोड पाठ्यपुस्तकांत आणले आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण त्या यशाचा क्रम वाचकांनी ध्यानी घ्यावा. तेथील मुले कन्नड बोलणारी, म्हणून डिसले गुरुजी प्रथम ती भाषा शिकले आणि पाठ्यपुस्तक त्यांनी मुलांच्या भाषेत उतरविले. आधी माणूस, मग यंत्र. हा क्रम उलटा केला की यंत्रावर धूळ साचते आणि मूल होते तेथेच राहते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असली तरी दोन शिक्षक हवेत. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पडदा देणे म्हणजे या कायद्याचे पालन नव्हे. पडद्याला वेतन द्यावे लागत नाही आणि पडदा मोर्चा काढीत नाही, म्हणून तो राज्यकर्त्यांना सोयीचा वाटतो, इतकेच!

केवळ सरकारला बोल लावून मात्र आपली सुटका नाही. आपल्या धर्मग्रामांतील किती पालक शाळेची निवड करताना ‘स्मार्ट बोर्ड आहे का’ एवढेच विचारतात? आणि त्या फळ्याच्या नावाखाली वाढलेली फी निमूटपणे भरतात? एका वर्गात मुले किती, शिक्षक टिकतात का, तिसरीच्या मुलाला सलग एक पान वाचता येते का, हे प्रश्न कोण विचारणार? आपल्यात निवृत्त शिक्षक-शिक्षिकांची वाण नाही. त्यांतील दोघांनी जवळच्या वाडीवरील शाळेत आठवड्यातून एक दुपार दिली, एका मुलाशेजारी बसून त्याच्याकडून एक गोष्ट वाचून घेतली, तर ते काम कोणत्याही पडद्याहून मोठे ठरेल.

पुढच्या खेपेस एखाद्या डिजिटल वर्गाच्या उद्घाटनाचे निमंत्रण आले, तर आपण अवश्य जावे, टाळ्याही वाजवाव्यात. मात्र चहा घेताना मान्यवरांना एवढेच विचारावे: पडदा पाहिला, छान आहे, दुसरा शिक्षक कोठे आहे?