‘बरे झाले’ हा शिक्का कोणी मारला?

आमच्या धर्मग्रामात एक शिक्षिका आहेत. २०२१ साली त्यांना करोना झाला. इस्पितळातून त्या घरी परतल्या तेव्हा गल्लीने टाळ्या वाजवून त्यांचे स्वागत केले आणि सरकारी कागदावर ‘बरे झाले’ अशी नोंद झाली. त्यानंतर त्यांना फळ्यावर लिहिता लिहिता पुढचा शब्द सुचेनासा झाला. चुलीवरची भाकर करपली तरी वास येत नाही, दुपारी दोन वाजता अंगातले त्राण संपते. घरची माणसे म्हणतात, नखरे आहेत. शेजारीण म्हणते, करणी असेल. आणि एका प्रार्थनासभेत त्यांना सांगण्यात आले की, तुमची श्रद्धा कमी पडते आहे. ह्या शेवटच्या वाक्यामुळे आम्हाला लेखणी उचलावी लागली.

हा विकार कल्पनेतला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली. लागण झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि अन्य कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे, असे तिचे स्वरूप आहे. थकवा, धाप आणि विचारशक्तीचे मांद्य ही त्यांतली प्रमुख. २०२२ साली इंग्लंडमधील संशोधकांनी ७८५ व्यक्तींच्या मेंदूची चित्रे दोनदा घेऊन ताडून पाहिली; त्यांपैकी ४०१ जणांना मधल्या काळात करोना होऊन गेला होता. घ्राणेंद्रियाशी आणि स्मृतीशी संबंधित भागांत ह्या मंडळींच्या मेंदूची झीज इतरांपेक्षा अधिक आढळली, आणि त्यांतील बहुतेकांना इस्पितळात दाखलही व्हावे लागले नव्हते. २०२४ मध्ये तेथेच एक लाखाहून अधिक लोकांच्या बुद्धीची चाचणी झाली. पूर्ण बऱ्या झालेल्यांतही किंचित घट दिसली. ज्यांची लक्षणे हटलीच नव्हती त्यांच्यात ती अधिक होती. विषाणू मेंदूत घर करून बसतोच असे नव्हे. शरीराने त्याच्याशी मांडलेले युद्ध लवकर थांबत नाही, सूक्ष्म रक्तवाहिन्या सुजतात आणि रक्त व मेंदू यांमधील पडदा झिरपू लागतो, असे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. नेहमीच्या तपासणीत मात्र पुष्कळदा काहीच सापडत नाही. काही सापडले नाही म्हणजे काही नाहीच, असे म्हणणाऱ्याला आम्ही एवढेच विचारू की, डोकेदुखी तरी कोणत्या यंत्रात दिसते?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक विसराळूपणाचे खापर करोनावर फोडणे हाही आंधळेपणाच. थायरॉईड, मधुमेह, ब जीवनसत्त्वाची उणीव, खिन्नता यांची तपासणी आधी झाली पाहिजे. आणि पुष्कळ रुग्ण महिन्यामहिन्याने सुधारतातही. पण तपासणी करायची तर आधी रुग्णाचे म्हणणे खरे मानावे लागते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२१ मध्येच करोनोत्तर विकारांच्या उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत मज्जासंस्थेचाही विचार आहे. आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यातून मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवण्यास नागपूर गाठायचे, तर यवतमाळपासूनच सुमारे दीडशे किलोमीटर पडतात, आणि सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळी. मृताच्या वारसांना पन्नास हजार रुपये देण्याचे २०२१ मध्ये ठरले, ते योग्यच झाले. परंतु जो जगला आणि अर्धाच जगला, त्याच्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

यवतमाळकरांना हे नवे वाटू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र निवांत असताना अमरावतीबरोबर आपल्या जिल्ह्यात रुग्ण वाढू लागले आणि निर्बंध परत आले. त्याआधी २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो इस्पितळात पडले. तेव्हाही मरणाऱ्यांची मोजदाद झाली. ज्यांची नजर अंधुक झाली, ज्यांच्या हाताला कंप राहिला, त्यांची कोणी केली? उलट, तोंडाला फडके का बांधले नाही, असे त्यांनाच विचारले गेले. गरिबाच्या मज्जातंतूंना झालेली इजा ही त्याचीच चूक ठरवायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

आणि आपण ख्रिस्ती माणसे? ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून ते त्याच्या आजारात त्याचे पाप शोधू लागले आणि बिघडले. परमेश्वराचा कोप शेवटी ईयोबावर झाला नाही, ह्या मित्रांवर झाला. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी कोणाच्या पापाचे हे फळ असे विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला. तरीही आपल्या सभांतून तोच प्रश्न हात उंचावून, टाळ्यांच्या गजरात विचारला जातो. प्रार्थनेने धीर येतो हे आम्हाला ठाऊक आहे, तीस वर्षे आम्ही ते पाहत आलो आहोत. पण जो प्रार्थना करणारा रुग्णाला दोषी ठरवून घरी पाठवतो, तो ईयोबाच्या मित्रांच्या रांगेत उभा आहे, मग त्याचा आवाज कितीही गोड असो.

आम्हा धर्मगुरूंचाही यात वाटा आहे. व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले की अभ्यंगाचा संस्कार केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. तरीही आमच्याकडे बोलावणे येते ते श्वास लागल्यावर, आणि आम्हीही आपणहोऊन कोणाचा उंबरा चढत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी सुरू केलेला जागतिक रुग्णदिन १९९३ पासून ११ फेब्रुवारीला पाळला जातो. त्या दिवशी आपण इस्पितळात फळे वाटतो. खाटेवर नसलेला, आपल्याच बाकावर बसलेला रुग्ण आपल्याला दिसत नाही.

गेल्या रविवारी त्या शिक्षिकांनी मिस्सामध्ये पहिले वाचन केले. ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या, दोनदा थांबल्या. मागच्या बाकांवरून कोणीतरी हसले. वेदीपर्यंत ते ऐकू आले.