थाळी, पेटी आणि नभोवाणी

सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांतील कोकणा समाजात थाळगान नावाचा प्रकार आहे. काशाची साधी थाळी. तिच्या मधोमध मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि बोटांच्या चिमटीतून ती वरून खाली ओढत राहायचे. थाळी घुमू लागते, आणि त्या अखंड नादावर कथेकरी रात्र रात्र कथा सांगतो. जेवणाचे भांडे, मधमाश्यांचे मेण आणि रानातली काडी, एवढाच सारा भांडवली खर्च. ज्याने हे प्रथम केले त्याला ध्वनिशास्त्राचा गंध नसेल. पण काडीतील कंप थाळीत उतरतो आणि थाळीचा विस्तार तो हवेच्या स्वाधीन करतो, हे त्याच्या कानांनी ओळखले होते. नवे वाद्य घडवणे म्हणतात ते हेच. पाश्चात्त्य देशांत गेल्या शतकात अशा खटपटींना ध्वनिकला हे नाव मिळाले, आणि ती विद्यापीठांतून शिकवली जाऊ लागली. नाशिक जिल्ह्यात ती नावावाचून नांदते आहे. शाळेच्या वेळापत्रकात मात्र तिला जागा नाही.

संगीत शिकवले जात नाही असे नव्हे. पं. विष्णु दिगंबर पलुसकर उत्तरायुष्यात नाशिकला आश्रम काढून राहिले होते, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने उभ्या केलेल्या परीक्षांना आजही हजारो मुले बसतात. गाण्याला प्रतिष्ठा आणि मध्यमवर्गीय घरांत प्रवेश मिळाला तो या पद्धतीमुळे, हे ऋण मोठेच आहे. परंतु या शिक्षणात वाद्य दुकानातून येते आणि स्वर पुस्तकातून. तिकडे विज्ञानाच्या तासाला कंप्रता आणि तरंगलांबी पाठ होते, पण तार ताणून ती सुरात आणण्याचा प्रसंग विद्यार्थ्यावर सहसा येत नाही. ऐकणे एका खोलीत, मोजणे दुसऱ्या खोलीत आणि घडवणे कोठेच नाही, अशी ही विभागणी आहे.

तिची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, नाटककार गोविंद बल्लाळांचे बंधू. तारेच्या लांबीची मापे घेऊन आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातील स्वर ताडून त्यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडले. १९१० मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने साथ दिली आणि श्रुतींची पेटी प्रत्यक्षात तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झडले आणि ती मान्यता पावली नाही. त्यात अघटित काही नव्हते. पहिले यंत्र क्वचितच पुरते साधते. पण फसलेला प्रयोग पुढच्याच्या हाती देण्यासाठी एखादी कार्यशाळा, एखादे विद्यापीठ लागते. ते नव्हते.

त्यानंतर नभोवाणीने दरवाजा लावला. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली. पेटीचे स्वर ठोकळेबाज, तिच्यातून मींड निघत नाही, हा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. पण स्वर ठोकळेबाज असतील तर ते दुरुस्त करण्याची वाट देवलांनी दाखवली होती. ती सोडून वाद्यच हद्दपार करणे म्हणजे गळक्या नळासाठी पाणीपुरवठा तोडणे. शिवाय त्या काळी नभोवाणी हे कलावंताचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. एकाच मोठ्या गिऱ्हाइकाने माल नाकारला की कारागीर सुधारणेवर पैसा आणि वेळ घालवील कशासाठी? बंदी सैल झाली १९७१ मध्ये, आणि तीही अंशतः. षड्ज-पंचम अचल ठेवून उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन जागा देणारी बावीस श्रुतींची पेटी डॉ. विद्याधर ओक यांनी घडवली, ती देवलांच्या खटपटीनंतर जवळजवळ शतकाने. आणि तीही एका व्यक्तीच्या ध्यासातून.

नभोवाणी याहून वेगळी वागू शकते, नव्हे ती स्वतःच वाद्य होऊ शकते. १९५१ मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी बारा रेडिओ संचांसाठी रचना केली. प्रत्येक संचावर दोन वादक. एकाने केंद्र बदलायचे, दुसऱ्याने आवाज कमीजास्त करायचा. याच केजना १९४६ मध्ये भारतीय संगीताची ओळख करून दिली होती अहमदाबादच्या गीता साराभाई यांनी. पुढे १९६९ मध्ये अहमदाबादच्याच राष्ट्रीय डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताची कार्यशाळा उभी राहिली, काही वर्षे चालली आणि बंद पडली. तेथील ध्वनिफिती कित्येक दशके संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. त्या लोकांपुढे आल्या अलीकडे.

नाशिकपाशी आज दोन गोष्टी अशा आहेत, ज्या देवलांपाशी नव्हत्या. पहिली, स्वतःचे सामुदायिक नभोवाणी केंद्र. विश्वास ज्ञान प्रबोधिनीच्या ‘रेडिओ विश्वास’ने कोविडच्या काळात, शाळांना कुलपे असताना, आपला स्टुडिओ शिक्षकांना खुला केला आणि तिसरी ते दहावीचे पाठ मुलांच्या घरी पोहोचवले. २०२३ मध्ये त्या केंद्राचा राष्ट्रीय पुरस्काराने गौरवही झाला. दुसरी, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील सहावी ते आठवीसाठीचे दप्तराविना दहा दिवस. सुतार, कुंभार, कलावंत यांच्यापाशी जाऊन मुलांनी काम शिकावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. थाळगानाचा कथेकरी, तारपा आणि पावरी बनवणारा कारागीर हे याच यादीतले शिक्षक आहेत. त्यांना बोलवावे, आणि प्रवासखर्चावर बोळवण न करता दिवसाचे रीतसर मानधन द्यावे.

यावर दोन आक्षेप येतील. ढोलताशे आणि डीजे यांनी शहर आधीच बहिरे होत आले असता मुलांच्या हाती आणखी गोंगाट कशाला, हा पहिला. पण आवाज चढवणे आणि आवाज घडवणे यांत फरक आहे. काडी ओढून थाळीतून नाद काढणाऱ्याला आधी गप्प बसून ऐकावे लागते. दुसरा आक्षेप, याचे गुण किती? गुण नाहीत. पालकांना ते पटवणे कठीण जाईल, आणि मुख्याध्यापकांची अडचणही खरी आहे. खर्चाचा प्रश्न मात्र फार मोठा नाही. बांबू, भोपळा, जुनी तार, डबे आणि ध्वनिमुद्रणासाठी शिक्षकांच्या खिशातला मोबाईल एवढ्यावर सुरुवात होते.

राहिली ती वेळ. महामारीत पाठ ऐकवण्यासाठी ज्या लहरी उपयोगी पडल्या, त्यांवर आठवड्यातला अर्धा तास मुलांनी घडवलेल्या वाद्यांना आणि त्यांनी टिपलेल्या आवाजांना मिळावा. गोदाकाठची पहाट, सराफ बाजारातली ठोकठाक, पेठच्या पाड्यावरची थाळी. काही प्रयोग ऐकवणार नाहीत इतके वाईट होतील. तेही लावावेत, आणि त्यांच्या फिती जपून ठेवाव्यात.