इमारत नव्हे, मास्तर बघा!

मंडळी, शाळांची ब्रोशरं बघितलीयत? एसी वर्ग, स्मार्टबोर्ड, स्विमिंग पूल... आणि शेवटच्या पानावर 'समर्पित शिक्षकवृंद'. या समर्पितांना पगार किती, त्यातले किती जण दोन वर्षं टिकतात, हे आपण विचारतो का? छे! स्कूलबसचं मात्र विचारतो.

वीकेंडला कासा-चारोटीवरून डहाणूच्या बीचवर जाता ना? त्याच तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. आदिवासी पोरं गुरं राखायला जायची, शाळेत येणार कशी? मग शिक्षकच कुरणात गेले. ती कुरणशाळा! लहानग्यांसाठी वस्तीतल्याच अंगणात वर्ग भरला, ती अंगणवाडी. अनुताई १९९२ मध्ये गेल्या, तोवर याच भागात राबल्या.

'तसे ध्येयवेडे आता कुठे मिळतात?' हे बोलणं फार सोयीचं आहे हो. आपल्याला दरवर्षी अप्रेझल हवं, अन् मास्तरांनी तेवढं त्यागावर जगायचं? पुढच्या अॅडमिशनला इमारत नंतर बघा. आधी विचारा, इथे शिक्षक टिकतात का, आणि नसतील तर का नाही?