आवाजाची मालकी कोणाची?

कलेच्या क्षेत्रात चोरी नवी नाही. कवीची ओळ चोरली जाते, संगीतकाराची चाल चोरली जाते. परंतु गायिकेचा प्रत्यक्ष कंठच उचलून दुसरीच्या मुखी बसवावा आणि जगाने त्या मुखाचा जयजयकार करावा, हा प्रकार यंत्रयुगानेच शक्य केला. अमेरिकन सोल व डिस्को गायिका लोलिॲटा हॉलोवे यांची कारकीर्द त्याची साक्ष आहे.

शिकागोत १९४६ साली जन्मलेल्या हॉलोवे चर्चच्या भक्तिसंगीतात वाढल्या. ‘द कॅराव्हान्स’ या नामांकित गॉस्पेल वृंदातून त्या सोल संगीताकडे आणि पुढे डिस्कोकडे वळल्या. डॅन हार्टमन यांनी रचलेले त्यांचे ‘लव्ह सेन्सेशन’ १९८० साली अमेरिकेतील नृत्यसंगीताच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. प्रार्थनामंदिरातील आर्तता नृत्यगृहात नेणारा तो आवाज होता.

१९८९ साली ‘ब्लॅक बॉक्स’ या इटालियन संचाने त्याच गीतातील आवाजाचे तुकडे, गायिकेला न विचारता, ‘राइड ऑन टाइम’मध्ये जोडले. ते ब्रिटनमध्ये सहा आठवडे अग्रस्थानी राहिले आणि त्या वर्षीचे तेथील सर्वाधिक खपाचे गीत ठरले. पडद्यावर मात्र एक मॉडेल ओठ हलवीत होती! याला पार्श्वगायन म्हणता येणार नाही. पार्श्वगायिकेला आज निदान नाव आणि मोबदला तरी मिळतो. हॉलोवे यांना मोबदल्यासाठी वकिलांची पायरी चढावी लागली.

जुन्या ध्वनिमुद्रणातून नवे गीत घडविणे ही स्वतंत्र कला आहे, विस्मृतीत गेलेला स्वर त्यामुळे नव्या पिढीपर्यंत पोहोचतो, असा युक्तिवाद केला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु त्यासाठी नाव दडविण्याची गरज काय? १९९१ साली मार्की मार्क यांच्या ‘गुड व्हायब्रेशन्स’मध्ये हाच स्वर वापरला गेला, तेव्हा हॉलोवे यांचे नाव दिले गेले, चित्रफितीत त्या स्वतः दिसल्या आणि ते गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. प्रामाणिकपणाने खप घटत नाही, हे याहून स्पष्टपणे कोण सांगणार?

मार्था वॉश या गायिकेवरही त्याच काळात असाच प्रसंग आला आणि तिलाही न्यायालयात जावे लागले. म्हणजे हा एकीच्या दुर्दैवाचा प्रश्न नव्हता. तो व्यवसायाच्या रीतीचा प्रश्न होता. हॉलोवे २०११ साली निवर्तल्या. आज तर यंत्रे जिवंत माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करू लागली आहेत. अशा वेळी ज्याचा कंठ त्याची संमती, त्याचे नाव आणि त्याचा वाटा, हा साधा न्याय कायद्याने आधीच निश्चित केला पाहिजे. प्रत्येक कलावंताने वकील गाठावा, अशी अपेक्षा समाजाने धरणे शोभत नाही.