तिन्ही पाळ्या एकटीच्या

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे फर्स्ट, सेकंड, नाइट हे शब्द नाशिककरांच्या तोंडी रोजचेच. एकाची पाळी संपते, दुसरा कामावर येतो. घरात कोणी अंथरुणाला खिळलं की मात्र तिन्ही पाळ्या एकाच माणसाच्या वाट्याला येतात. ते माणूस बहुधा सून किंवा मुलगी असतं.

सिडकोत आमच्या गल्लीत अशीच एक सून आहे. सासूबाईंना अर्धांगवायू झालेला, त्यात आता विसरभोळेपणा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. अंगाखाली आडवी घातलेली सुती चादर ती दोन्ही मुठींत धरते, गुडघा गादीवर टेकवते आणि ‘आई, भिंतीकडे बघा हं,’ म्हणत अलगद ओढते. मग पाठीशी उशी सरकवते. रात्री दोनलाही हेच. त्यावर सासूबाई विचारतात, ‘तू कोणाची गं?’

तिच्या कंबरेने कधीच कुरकुर सुरू केली आहे. नवरा सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री येतो, जमेल तेवढा हात लावतो. रुग्णसेवा ब्युरोची बाई बारा तासांसाठी ठेवायची, तर त्याचा पगार जवळपास तिथेच संपेल. पुण्याचे दीर रोज फोन करतात आणि चांगल्या डॉक्टरला दाखवायला सांगतात. येणारे-जाणारे म्हणतात, ‘तुला पुण्य लागेल.’ पुण्याने कंबर बरी होत नाही.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. यात मुलंबाळंही आली, पण भार कुणावर आहे ते दिसतंच. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. सांभाळणाऱ्याच्या दमणुकीची दखल त्यात नाही. केंद्राच्या नोकरीत महिलांना बालसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा मिळते. म्हाताऱ्या आईसाठी मात्र आपली नेहमीची रजाच मोडावी लागते.

सरकार करेल तेव्हा करेल. दीर-नणंदांनो, भावा-बहिणींनो, महिन्यातला एक शनिवार-रविवार आपला म्हणून ठरवून टाका. पाहुण्यासारखे येऊ नका. कूस कशी बदलायची, कोणती गोळी कधी द्यायची ते शिकून घ्या आणि सांभाळणाऱ्या सुनेला दोन दिवस माहेरी पाठवा. येणं जमत नसेल, तर ब्युरोच्या बिलातला आपला हिस्सा पगार झाला की पाठवा. आईच्या घरात वाटा मागायला कुणी लाजत नाही. तिच्या आजारपणातलाही वाटा उचला.